एक पान जास्त

बंदराच्या कचेरीत तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, जुन्या कागदांची एक खोली होती आणि त्या खोलीत गेली एकतीस वर्षं एकच माणूस बसत होता. हुद्दा दप्तरी. वरच्या मजल्यावरचे कारकून पूर्वी त्यांना पाठीमागे ‘मोजकाका’ म्हणत, आताशा तोंडावरही म्हणायला लागले होते. कोणी जुनी फाइल वाचायला मागितली की हे गृहस्थ ती देण्याआधी पानं मोजत, वाचणाऱ्याकडून मोजून घेत, परत घेताना पुन्हा मोजत आणि तिन्ही आकडे जुळल्याशिवाय कोणाला दाराबाहेर पडू देत नसत. एकदा तर त्यांनी साहेबांनाच दहा मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. साहेब वैतागून म्हणाले, ‘‘अहो, मी काय खिशात घालून नेणार आहे?’’ मोजकाका म्हणाले, ‘‘खिसा दाखवा, मग सांगतो.’’

हे सगळं एका जाड वहीत लिहिलं जाई. तारीख, वाचणाऱ्याचं नाव, फाइल, दिलेली पानं, परत आलेली पानं, शेरा आणि दोघांच्या सह्या. संध्याकाळी पाच वाजता साहेब जिना उतरून येत आणि वहीवर सही ठोकत. वाचत कधीच नसत. मोजकाकांची वही वाचायची काय गरज, आकडे जुळलेलेच असणार, असं सगळे धरून चालले होते.

एवढा संशयी स्वभाव जन्मतः नसतो, तो कुठून तरी येतो. मोजकाकांचा कुठून आला हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. एकतीस वर्षांत त्या खोलीतून एकच पान चोरीला गेलं होतं, आणि ते मोजकाकांनीच चोरलं होतं.

नोकरीचं ते दुसरंच वर्ष होतं. फडताळ आवरताना एका जहाजाच्या अपघाताची फाइल हाती आली. जहाज खडकावर आदळलं, अकरा माणसं बुडाली, कारण दीपगृहाचा दिवा विझलेला होता. दिवा सांभाळणाऱ्याचं नाव वाचलं आणि तरुण दप्तरीने त्यावर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. ते नाव त्याच्या आजोबांचं होतं, आईच्या वडिलांचं. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आजोबांचा जबाब होता, शिक्क्यासकट. ‘पाळीचा दुसरा माणूस तीन रात्री आला नाही. मी एकट्याने दिवा सांभाळला. चौथ्या रात्री बसल्या जागी मला झोप लागली. जाग आली तेव्हा दिवा विझला होता. चूक माझी आहे.’ पुढच्या पानांवर चौकशीचा निकाल होता, जबाब पाहून दिवेवाल्याला नोकरीतून काढून टाकल्याचा.

घरी सगळ्यांना माहीत होतं की आजोबांनी डोळे अधू झाले म्हणून नोकरी सोडली. आईला तर वडिलांचा कोण अभिमान. आज ना उद्या हे पान कोणीतरी वाचणार, चार ठिकाणी सांगणार, ते आईच्या कानावर जाणार. अठ्ठावीस वर्षांच्या पोराने पान अलगद काढलं, घरी नेलं आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोमागे, पुठ्ठ्याच्या आत सरकवलं. मग तीन दिवस बसून पुढच्या सगळ्या पानांचे पेन्सिलीचे आकडे खोडून नवे घातले, आधीच्या दप्तरीच्या वळणाचे. मुखपृष्ठावरच्या दोनशे तेरामधल्या तिनाचा दोन केला. काम इतकं सफाईदार झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. त्या दिवसापासून मात्र तो प्रत्येक माणसाचे हात न्याहाळायला लागला.

आता निवृत्तीला सात महिने उरले होते. आणि एका सोमवारी एक बाई आली.

चाळिशीची असावी. खांद्याला कापडी पिशवी, केसांत खोचलेली पेन्सिल, आवाज मऊ. कार्डावर व्यवसायाच्या रकान्यात ‘लेखिका’ लिहिलेलं. मोजकाकांनी ते कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं, उजेडात धरून पाहिलं.

‘‘काय लिहिता?’’

‘‘साहसकथा. मुलांसाठी म्हणून लिहिते, मोठेच जास्त वाचतात.’’

‘‘मग इथे काय काम? इथे सगळं खरं आहे.’’

‘‘म्हणूनच आले, काका,’’ ती म्हणाली. ‘‘मला पाय टेकायला खरी जागा लागते. तारीख खरी, वारा खरा, जहाजात माल कुठला होता ते खरं. तेवढं मिळालं की पुढे उडी मी मारते.’’

आणि तिने चिठ्ठीवर जो फाइलचा क्रमांक लिहिला, तो मोजकाकांनी दोनदा वाचला. तीच फाइल. शेकडो फायली पडल्या होत्या, वादळाच्या, बंडाळीच्या, एका जहाजावर माकडं सुटली होती त्याची सुद्धा. हिला हीच हवी होती.

दोनशे बारा पानं मोजून दिली. तिनेही मोजली. मोजताना ती मध्येच थांबली, एक पान मागेपुढे केलं, आणि पुन्हा मोजायला लागली. मोजकाकांनी ते बरोबर टिपलं.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. लेखिका वगैरे काही नाही, ही मुख्य कचेरीतून आलेली तपासणीची बाई आहे. निवृत्तीआधी जुन्या माणसांचं काम असं गुपचूप तपासतात म्हणे. लेखिका असती तर खिडकीबाहेर बघत बसली असती, ही तर भिंग काढून कागद बघते. भिंगातून गोष्ट दिसते होय? मोजकाकांनी आपलं टेबल दीड हात सरकवलं. तिथून फडताळाच्या काचेत ती पाठमोरी न दिसता समोरून दिसायची. दिवसभर ते समोरच्या कागदावर पेन धरून बसले आणि डोळ्यांत तेल घालून काचेत बघत राहिले. तिने दोनदा पान उजेडात धरलं, एकदा पानाचा वास घेतला, आणि चार ओळी लिहिताना स्वतःशीच हसली. हसणं त्यांना सगळ्यात जास्त खटकलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचा शिपाई चहा घेऊन आला, त्याला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘ही बाई वर साहेबांना भेटली का रे?’’

‘‘नाही बुवा. का हो?’’

‘‘काही नाही. तू आपला चहा दे.’’

म्हणजे साहेबांनाही कळू न देता आली आहे. संशय असा एकदा अंगात शिरला की ‘हो’ म्हटलं तरी वाढतो आणि ‘नाही’ म्हटलं तरी वाढतो.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ती हात धुवायला बाहेर गेली आणि तिची वही टेबलावर उघडीच राहिली. दुसऱ्याच्या वहीत डोकावू नये हे मोजकाका एकतीस वर्षं लोकांना सांगत आले होते. ते उठले, फडताळ पुसायचं फडकं हातात घेतलं, आणि पुसत पुसत तिच्या टेबलापाशी गेले. वहीत वाऱ्याची दिशा होती, मालाची यादी होती, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेली एकच ओळ होती. ‘८७ आणि ८८ च्या मध्ये कोण होतं?’

फडकं हातातच राहिलं. ती परत आली तेव्हा मोजकाका आपल्या खुर्चीवर होते, पण त्या दिवशी परत घेताना त्यांनी पानं तीन वेळा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. चौथ्यांदा तिने मोजून दिली.

घरी मोजकाका, त्यांची बायको आणि एक्याऐंशी वर्षांची आई अशी तिघंच होती. आईची नजर गेली होती, कान मात्र शाबूत होते. दर गुरुवारी साप्ताहिक यायचं आणि संध्याकाळी चहाच्या कपासोबत सून सासूला त्यातली क्रमशः गोष्ट वाचून दाखवायची. मोजकाका त्या वेळी जोडे पुसत किंवा घड्याळाला किल्ली देत. गोष्टीबिष्टी त्यांना चालत नसत.

त्या दिवशी जोडा हातात होता आणि कानावर पडलं, ‘‘दिवेवाल्याने फुटक्या काचेला कापडाची पट्टी लावली, तीन पायांच्या तिवईवर बसला, आणि वाट पाहू लागला.’’

फुटकी काच. तीन पायांची तिवई. हे फाइलमधल्या सामानाच्या यादीतलं होतं, पान एकोणसाठ.

‘‘हे कोण लिहितं गं?’’ त्यांनी विचारलं.

बायकोने नाव वाचलं. कार्डावरचंच नाव. म्हणजे बाई खरंच लेखिका होती. मोजकाकांच्या जिवात जीव आला, आणि तो जेमतेम अर्धं पान टिकला. गोष्टीत काळ दोनशे वर्षं मागे गेला होता, जहाजाला शिडं लागली होती, जहाजावरच्या शूर नकाशेवाल्याकडे कसलासा गुप्त नकाशा होता. पण खडक तोच, अकरा माणसं तीच. आणि दिवेवाला? दिवेवाल्याने समुद्री लुटारूंकडून सोन्याच्या मोहरांची थैली घेतली, थैली तिवईखाली लपवली आणि ठरल्या वेळी फुंकर मारून दिवा विझवला. माणसं बुडताना ओरडत होती आणि हा वर बसून मोहरा मोजत होता. पुढील भाग पुढच्या अंकात.

‘‘मेल्याला सोडू नका म्हणावं,’’ आई म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. ‘‘दिव्यावर बसून असलं काम करतात होय? माझे बाबा असते तिथे, तर उचलून समुद्रात टाकला असता त्याला.’’

‘‘पुढच्या भागात फाशी देतील बघा, आई,’’ बायको म्हणाली.

‘‘दिलीच पाहिजे. हो की नाही रे?’’

एकच जोडा पुसून मोजकाका उठून गेले. भिंतीवर फोटोतले आजोबा नेहमीसारखे थोडे बाजूला बघत होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर मोजकाकांना रागाने झोप येईना, आणि राग नेमका कोणाचा येतोय तेही कळेना.

शुक्रवारी बाई आली तेव्हा त्यांनी फाइल दिलीच नाही. ती हाताखाली दाबून धरली.

‘‘ते मोहरांचं कुठून आणलंत?’’

ती चपापली. ‘‘वाचता तुम्ही? बरं वाटलं ऐकून.’’

‘‘कुठून आणलंत विचारतोय. या फाइलमध्ये मोहरा नाहीत. लुटारू नाहीत. एका माणसाला तुम्ही लुच्चा केलात, कशाच्या आधारावर?’’

‘‘तुमच्याच कागदांच्या,’’ ती म्हणाली. ‘‘फाइल द्या, दाखवते.’’

तिने सत्त्याऐंशीवं पान उलटलं. त्या काळी कागदाच्या एकाच बाजूला लिहायची पद्धत होती, त्यामुळे मागची बाजू कोरी. पण उजेडात धरल्यावर त्या कोऱ्या बाजूवर, खाली उजवीकडे, एका लंबगोल शिक्क्याचा फिकट जांभळा डाग दिसला. उलटा.

‘‘शिक्का ओला असताना फाइल मिटली की समोरच्या पानावर त्याचा उलटा ठसा उमटतो,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे समोरच्या पानावर खाली डावीकडे शिक्का हवा. आता अठ्ठ्याऐंशी बघा.’’

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर शिक्का नव्हता. मोजकाकांनी इतकी वर्षं ती पानं मोजली होती. मोजताना वरचा कोपरा बघतात, आकडा असतो तिथे. खाली डावीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

‘‘इथे कोणाचा तरी जबाब होता. कोणीतरी काढला, आणि नुसता काढला नाही, पुढचे सगळे आकडे बदलले, भिंगातून खोडल्याच्या खुणा दिसतात. सव्वाशे पानांचे. किती दिवस लागले असतील, काका? आणि दिवेवाल्याला काढून टाकलं एवढंच पुढे आहे, कशासाठी ते नाही. मग मी विचार केला. बारीकसारीक चूक लपवायला कोणी एवढे कष्ट घेत नाही. ज्याने एवढं केलं, त्याला काहीतरी भयंकर लपवायचं होतं. म्हणून मी त्या रिकाम्या जागेत सगळ्यात भयंकर गोष्ट ठेवली. माझा धंदाच तो आहे. कागद गप्प बसले की मला बोलावं लागतं.’’

मोजकाकांना तिथे बसवेना. त्यांनी फाइल पुढे सरकवली, पानं न मोजताच. आजोबांना डुलकी लागली होती, एवढंच. ती डुलकी मोजकाकांनी झाकली, आणि झाकण इतकं मोठं ठेवलं की त्याखाली अख्खा गुन्हा मावला. आता साप्ताहिक वाचणाऱ्या घराघरात आजोबा मोहरा मोजत बसले होते, आणि त्यांची स्वतःची मुलगी त्यांना फाशी द्या म्हणत होती.

‘‘शेवटचा भाग लिहून झाला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘झाला. सोमवारी संध्याकाळी छापायला देते.’’

‘‘सोमवारी सकाळी याल इथे? एकदाच.’’

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. आता संशय घ्यायची पाळी तिची होती. ‘‘येईन की,’’ ती म्हणाली.

शनिवार गेला, रविवार गेला. मोजकाकांनी चार वेळा ठरवलं आणि पाच वेळा मोडलं. पान परत नेलं तर एकतीस वर्षांचं नाव मातीत, कदाचित पेन्शनही. नाही नेलं तर कोणाचंच काही बिघडत नव्हतं. एका मेलेल्या माणसाचं सोडून. सोमवारी सकाळी बायको बाहेर गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि फोटो खाली काढला.

‘‘काय करतोस रे?’’ खाटेवरून आईने विचारलं.

‘‘धूळ झटकतोय.’’

‘‘तीस वर्षांत कधी झटकली नाहीस ती.’’

मोजकाका पुठ्ठ्याचे खिळे उचकटत राहिले. मग त्यांनाच राहवेना. ‘‘आई, आजोबा खुर्चीत बसायचे ना गं रात्री? मला अंधूक आठवतं.’’

‘‘रोज,’’ आई म्हणाली. ‘‘नोकरी सोडल्यापासून रात्री आडवे म्हणून झाले नाहीत. खिडकीशी खुर्ची, शेजारी कंदील. उजाडेपर्यंत बसायचे, मग दिवसा झोपायचे. आम्ही म्हणायचो, जुनी सवय, जात नाही. एकदा मी लहानपणी उठून कंदील बारीक केला, तर माझा हात धरला त्यांनी. ओरडले नाहीत. नुसता धरून ठेवला, बराच वेळ.’’

पान हातात आलं होतं. घडीवर पिवळं पडलं होतं, पण शिक्का अजून जांभळा होता. खाली डावीकडे.

कचेरीत बाई आधीच येऊन बसली होती. मोजकाकांनी फाइल काढली, दोनशे बारा पानं मोजून दिली, तिने मोजली, दोघांनी वहीत सह्या केल्या. मग त्यांनी खिशातून घडी काढून तिच्यासमोर ठेवली.

तिने जबाब वाचला. पुन्हा वाचला. मग ते पान सत्त्याऐंशीच्या पाठीला लावलं. ठशावर शिक्का बरोबर बसला.

‘‘तुमचे कोण?’’ तिने हळूच विचारलं.

‘‘आजोबा. आईचे वडील.’’ आणि मग त्यांनी खुर्चीचं सांगितलं, कंदिलाचं सांगितलं. एवढं सलग ते त्या खोलीत कधी बोलले नव्हते. ‘‘ते झोपले होते, बाई. एक रात्र झोपले, आणि पुढे जन्मभर नाही. तुमच्या मोहरांपेक्षा हे कमी आहे का जास्त, ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल.’’

बाईने पेन्सिल केसांतून काढली आणि पुन्हा खोचली. ‘‘माझ्या दिवेवाल्याला फाशी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मोहरा घेणारा दिवेवाल्याच्या वेषातला दुसराच कोणी निघेल, खरा झोपलेला असेल. बघते काय करता येतं. खुर्चीचं घेऊ?’’

‘‘घ्या.’’

दुपारभर ती खाली मान घालून लिहीत राहिली. मोजकाकांनी काचेत पाहिलं नाही. पाचला दहा कमी असताना तिने फाइल बांधली आणि ते पान वेगळं धरून म्हणाली, ‘‘काका, मी हे पाहिलंच नाही. दोनशे बारा नेली, दोनशे बारा परत केली, अशी सही करते. मी गेल्यावर तुम्ही ते गुपचूप आत ठेवा. आकडे बदलायला तुम्हाला शिकवायला नको.’’

मोह झाला, नाही कसा. सात महिने कसेही निघाले असते. पण मोजकाकांनी मान हलवली.

‘‘गुपचूप ठेवलेल्या पानावर कोण विश्वास ठेवणार? उद्या तुमच्यासारखंच कोणीतरी भिंग घेऊन येईल. विचारेल, हे मध्येच कुठून उपटलं? आणि पुन्हा नवी गोष्ट रचेल.’’

त्यांनी पान जागेवर ठेवलं आणि फाइल मोजली. मोठ्याने, एक एक पान, खालचा डावा कोपरा बघत. मग वही ओढली. दिली, दोनशे बारा. परत आली, दोनशे तेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकतीस वर्षं काही लिहायची वेळ आली नव्हती. तिथे त्यांनी सावकाश लिहिलं, ‘पान ८८ माझ्याकडे होतं. चूक माझी आहे.’ बाईने खाली सही केली.

जिन्यावर साहेबांची पावलं वाजली. साहेब आत आले, बाईला पाहून मान लववली, नेहमीप्रमाणे वही न बघताच पेनचं टोपण काढलं आणि पेन सहीच्या जागी टेकवलं.

‘‘साहेब,’’ मोजकाका म्हणाले, ‘‘आज वाचून करा.’’